दुसरं कधी?

‘दुसरं मूल कधी?’ असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. माझी लेक वर्षाची झाली तेव्हापासून हा प्रश्न माझ्यामागे आहे, आणि आता ती नऊ वर्षांची आहे. लिफ्टमध्ये विचारतात, लग्नसमारंभात विचारतात, रक्त तपासायला गेले तर तिथेही एकदा विचारलं. नवऱ्याला आजवर कुणीही विचारलेलं नाही. मी त्याला मुद्दाम विचारून खात्री करून घेतली.

दुसरं होणार नाही. आम्ही दोघांनी तसं ठरवलंय. आणि लेकीवर माझा जीव आहे. ही दोन वाक्यं एकत्र कशी बसतात हे लोकांना कळत नाही, म्हणून पहिल्या वर्षाबद्दल सांगावं लागतं.

टाके ओले होते तेव्हापासून मी दर दोन-अडीच तासांनी उठत होते. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध द्यावं, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस मला मनापासून पटली होती. रजा मात्र त्याआधीच संपली. ऑफिसात दूध काढायला जागा नव्हती. सामानाच्या खोलीला आतून कडी नव्हती, म्हणून मी दाराला पाठ लावून उभी राहायचे आणि बाहेर पावलं वाजली की पान्हा आटायचा. माझ्याकडचं मोठं काम तोवर दुसऱ्याकडे गेलं होतं. ‘तुझी ओढाताण नको म्हणून,’ असं सांगितलं गेलं, आणि सांगणाऱ्यांना खरंच तसं वाटत होतं. त्याच वर्षी नवऱ्याला बढती मिळाली. आता तो संसारी माणूस, जबाबदारीने वागणार, असं त्याच्या साहेबांचं म्हणणं. एकाच बाळाचे हे दोन हिशोब. क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं तेव्हा मी त्यांच्या कामाबद्दल वाचलं. श्रीमंत देशांत आज बायका आणि पुरुषांच्या कमाईत जे अंतर दिसतं, ते बरंचसं पहिल्या मुलाच्या जन्मानंतर पडतं, असं त्यांनी दाखवलंय. वाचून रडले. तोवर मला वाटत होतं, मीच कुठेतरी कमी पडले.

नवरा मदत करायचा. सगळे त्याचं कौतुक करायचे, आणि तो कौतुकाला पात्र होताही. पण ‘मदत’ हा शब्द मला फार दिवस सलत राहिला. मदत दुसऱ्याच्या कामात करतात. लसीची तारीख, संपत आलेले डायपर, तोकडे झालेले कपडे, पाळणाघरात कुणाला सांगायचं की रात्री ताप होता, हे सगळं माझ्या डोक्यात असायचं. तो सांगितलेलं करायचा. लक्षात ठेवायचं काम माझं. आम्ही यावर भांडलो, बोललो, आणि त्याने ते खरोखर बदललं. त्याला तीन वर्षं लागली. ती तीन वर्षं मला पुन्हा द्यायची नाहीत.

आकडा एक असल्यामुळेच हा प्रश्न येतो असंही नाही. माझ्या एका मैत्रिणीला तीन मुलं आहेत. तिला ऐकवतात, एवढी कशाला? एकीने मूल नको असं ठरवलं, ती स्वार्थी ठरली. आणि एकीचे तीन गर्भ पडले. तिला कुणी ‘दुसरं कधी?’ विचारलं की ती ‘बघू’ म्हणून हसते आणि रात्री मला फोन करते. निदान तिच्यासाठी तरी हा प्रश्न थांबवा.

सरकारंही असंच मोजत आलीत. रोमानियात हुकूमशहा चाउशेस्कूच्या राजवटीने लोकसंख्या वाढावी म्हणून १९६६ मध्ये गर्भपातावर जवळपास बंदी घातली, आणि पुढे तर बायका गरोदर आहेत का, याच्या तपासण्या कामाच्या ठिकाणी केल्या. चोरून केलेल्या गर्भपातांत हजारो बायका मेल्या. अनाथालयं भरली. डिसेंबर १९८९ मध्ये राजवट कोसळली, तेव्हा नव्या सरकारने पहिल्या काही निर्णयांतच ती बंदी उठवली. चीनमध्ये १९८० च्या सुमारास एकावर थांबा म्हणाले, २०१६ पासून दोन चालतील, २०२१ मध्ये तीन. जिला एका मुलीवर थांबवलं, तिच्याच मुलीला आता तीन होऊ द्या म्हणतात. दक्षिण कोरियात २०२३ मध्ये जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, ०.७२ वर आला होता. तिथल्या सरकारने २०१६ च्या अखेरीस एक नकाशा प्रसिद्ध केला होता: कुठल्या भागात मूल होण्याच्या वयाच्या किती बायका राहतात, याचा. बायका इतक्या संतापल्या की तो लगेच काढावा लागला. त्या नकाशात पुरुषांचा आकडा नव्हता.

स्वीडनचं उदाहरण मला म्हणूनच जवळचं वाटतं. १९७४ मध्ये तिथे बाळासाठीची पगारी रजा आई आणि वडील दोघांनाही खुली झाली. तरी घेत होत्या बहुतेक आयाच. मग १९९५ मध्ये एक महिना प्रत्येक पालकासाठी राखून ठेवला. वडिलांनी नाही घेतला तर तो बुडाला. त्याने सगळं सुटलं नाही. पण बाळ कोण सांभाळणार, हा प्रश्न निदान वडिलांनाही विचारला गेला.

‘ती एकटी पडेल,’ असं तुम्ही म्हणता. ही काळजी खरी आहे, मलाही ती रात्री छळते. पण एका मुलाला सोबत हवी म्हणून दुसरं जन्माला घालावं, हे मला त्या दुसऱ्यावर अन्याय केल्यासारखं वाटतं.

गेल्या महिन्यात ऑफिसातली एक मुलगी बाळंतपणाच्या रजेवरून परतली. सगळ्यांनी बाळाचे फोटो पाहिले. जेवणाच्या सुट्टीत मी तिला विचारलं, रात्री कोण उठतं गं? ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि सुट्टी संपून गेली तरी बोलत राहिली.