गरी, पक्कड आणि एक बटाटा

आज सकाळपासून गरी, म्हणजे मासे धरायचा गळाचा आकडा, वाकवायला गॅसपाशी पक्कड घेऊन बसलेलो, आई दोनदा येऊन बघून गेली आणि म्हणाली एवढ्या वेळात बाजारातून बांगडे आणले असतेस. खरंय तिचं. पण मागच्या रविवारी जयगडच्या खाडीत कांदळवनाच्या मुळांत अडकून तीन रबरी मासे (गरीला लावायचं खोटं आमिष) गेले ना माझे, जीव तुटला. अडकू नये म्हणून वाकडी गरी लागते, डोळ्याखाली (दोरा बांधायच्या भोकाखाली) झेडसारखी घडी असलेली, तिचं टोक रबरात लपून राहतं आणि माशाने दाबलं की मगच बाहेर येतं. आमच्या इथे कुठल्याच दुकानात नाही मिळाली, मग म्हटलं लांब दांडीचीच वाकवू.

पहिली थंडच वाकवली, टक्कन तुटली, तुकडा फ्रिजखाली गेला तो अजून सापडलेला नाही (घरी येणार असाल तर चप्पल घालूनच या). दुसरी अख्खी लाल केली, लोण्यासारखी वाकली, पण गार झाल्यावर बोटाने सरळ व्हायला लागली, पोलादाचं पाणीच (कडकपणा) उतरलं सगळं. तिसऱ्या वेळी डोकं चाललं, टोक आणि बाक कच्च्या बटाट्यात खुपसला, म्हणजे तिकडे उष्णता जात नाही, आणि फक्त डोळ्याजवळ तापवून दोन बाक दिले. जमली! जरा तिरकी आहे आणि कोटिंग जळलंय म्हणून खोबरेल तेल चोळून ठेवलीये, खाऱ्या पाण्यात गंजणारच.

संध्याकाळी भरतीला टाकून आलो, मासा शून्य, पण एकदाही अडकली नाही!! बटाटा भाजीत घालू का विचारलं तर आईने नुसतं बघितलं.