बर्कलीचे उतरते कोपरे

"तिकडचे फुटपाथ एकदम गुळगुळीत असतील ना रे?" हा घरच्यांचा ठरलेला प्रश्न. छे! झाडांची मुळं इथेही सिमेंट उचकटतातच. पण अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत चौकाच्या कोपऱ्यावर फुटपाथ उतरत उतरत रस्त्याला टेकतो. बाबागाडी, चाकांची बॅग, काहीच उचलावं लागत नाही. त्यामुळे ही सोय आपल्यासाठीच केलीय असं वाटतं. प्रत्यक्षात ती व्हीलचेअरवाल्यांनी भांडून मिळवलेली आहे.

एड रॉबर्ट्सला चौदाव्या वर्षी पोलिओ झाला. मानेखालचं शरीर जवळजवळ लुळं, झोपताना श्वासासाठी 'आयर्न लंग' हे अवजड यंत्र. १९६२ साली तो इथल्या विद्यापीठात आला, तेव्हा ते यंत्र पेलणारं वसतिगृहच नव्हतं. विद्यापीठाच्या कॉवेल हॉस्पिटलमध्ये त्याला खोली मिळाली. मागोमाग त्याच्यासारखी आणखी मुलं आली. 'रोलिंग क्वाड्स' (क्वाड म्हणजे हातपाय लुळे पडलेला) हे नाव त्यांनीच स्वतःला दिलं. फुटपाथची वीतभर कड आली की त्यांची चाकं अडायची. पाठपुरावा करकरून १९७१ मध्ये त्यांनी नगर परिषदेकडून उतारांचा ठराव करून घेतला. हा कधीच नोकरी करू शकणार नाही, म्हणून ज्या राज्य पुनर्वसन खात्यानं एडला आधी मदत नाकारली होती, त्याच खात्याचा तो १९७५ मध्ये संचालक झाला!

पहिला उतार आमचाच, असं इथे अभिमानानं सांगतात. ते खरं नाही. मिशिगनमधल्या कॅलमझूत जखमी सैनिकांसाठी १९४०च्या दशकातच उतार केले होते.

सगळं ठरावांवर भागलं नाही. १९७३च्या अमेरिकी कायद्यातलं कलम ५०४ सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांना अपंगांशी भेदभाव करायला मनाई करतं, पण नियमांअभावी ते नुसतं कागदावर होतं. एप्रिल १९७७ मध्ये शंभरावर अपंग आंदोलकांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या सरकारी इमारतीत ठिय्या दिला. अधिकाऱ्यांनी इमारतीचे फोन बंद केले, तर कर्णबधिर आंदोलक खिडकीतून खुणांच्या भाषेत बाहेर निरोप देऊ लागले. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या 'ब्लॅक पँथर्स' संघटनेचे लोक गरम जेवण पोचवत होते. २८ एप्रिलला नियमांवर सही झाली, तरी आंदोलक दोन दिवस हलले नाहीत.

उतारांनी एक नवा पेच मात्र उभा केला. अंध माणूस काठीनं कड चाचपून रस्ता ओळखतो. कडच गेली तर? म्हणून आता उताराच्या तळाशी फुगीर ठिपक्यांची पिवळी पट्टी असते, चपलेतूनही जाणवणारी. मूळ कल्पना जपानच्या सेइइची मियाकेंची, १९६५ची. त्यावरून जाताना हादरे बसतात, ही व्हीलचेअरवाल्यांची तक्रार आहेच.