कंपनी नको, प्रोसेस सांगा

घरच्या घरी कॅमेऱ्याचे फिल्म-रोल धुणारा आमच्या गोतावळ्यात मी एकटाच. त्यामुळे कुणाच्या माळ्यावरून जुना कॅमेरा निघाला आणि आत कार्ट्रिज (फिल्म भरलेली प्लॅस्टिकची बंद डबी) सापडली, की फोन मलाच. ‘यातून काही निघेल का रे?’ माझा उलट प्रश्न ठरलेला असतो: लेबलावर प्रोसेस, म्हणजे फिल्म धुण्याची रासायनिक पद्धत, कोणती लिहिलीय? समोरचा कंपनीचं नाव सांगतो. ते नको. त्याच्या आसपास बारीक अक्षरात सी-४१, सी-२२ असं काहीतरी असतं, ते वाचून दाखवा.

कोडॅकने १९६३ मध्ये इन्स्टामॅटिक कॅमेऱ्यासोबत १२६ची कार्ट्रिज आणली आणि १९७२ मध्ये खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी ११०ची. दोन्हींची गंमत एकच: कार्ट्रिज टाकायची, झाकण लावायचं, बास. रोल ओवायचा नाही, शेवटी उलटा गुंडाळायचाही नाही. फिल्म एका कप्प्यातून निघून दुसऱ्यात जाऊन बसते. म्हणूनच कुणी उत्सुकतेपोटी झाकण उघडून पाहिलं असेल तर लगेच कपाळाला हात लावू नका. कार्ट्रिजच्या खिडकीसमोरची एखाद-दुसरी फ्रेम जाते, कप्प्यातल्या बहुतेक वाचतात. मात्र कार्ट्रिज बाहेर काढण्याआधी उरलेली फिल्म शेवटपर्यंत पुढे सरकवून घ्या.

आता प्रोसेस. सी-४१ असेल तर निम्मं काम झालं. रंगीत निगेटिव्ह आजही याच रसायनांत धुतात. ही प्रोसेस १९७२चीच, म्हणजे ११०च्या बरोबरीची. अडचण रुंदीची येते. ११०ची फिल्म १६ मिलिमीटरची आणि लॅबमधली यंत्रं नेहमीच्या ३५ मिलिमीटरची, त्यामुळे साधी लॅब सरळ नाही म्हणते. तरी लोमोग्राफी या कंपनीने २०१२ पासून ११०चे नवे रोल काढायला सुरुवात केली, त्यामुळे ती धुणाऱ्या लॅब सापडतात. १२६चं नशीब उलटं. नवी फिल्म मिळत नाही, पण रुंदी ३५च असल्याने ती नेहमीच्या स्पायरलवर (धुताना फिल्म गुंडाळून ठेवायच्या चक्रीवर) चढते.

सी-२२ दिसलं तर मात्र सावध. ही जुनी प्रोसेस २४ अंशांना चालायची, सी-४१चा डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं रसायन, ३७.८ अंशांवर असतो. त्या उष्णतेत जुन्या फिल्मचा थर मऊ पडून सुटू शकतो, आणि लॅबच्या यंत्रात इतरांचेही रोल त्याच पाण्यात असतात. कोडाक्रोम या कोडॅकच्या स्लाइड फिल्मची गत आणखी वेगळी. तिचे रंग फिल्ममध्ये नसतातच, ते धुताना भरले जायचे. ते करणारी शेवटची लॅब, अमेरिकेतल्या कॅन्ससमधली ड्वेन्स फोटो, तिने ३० डिसेंबर २०१० नंतर असे रोल घेणं थांबवलं. या दोन्ही फिल्म आता कृष्णधवल म्हणूनच धुवायच्या. लोक हिरमुसतात. पण माझं मत विचाराल तर इतक्या जुन्या रोलला रंगांचा हट्ट करूच नये. फिल्मचे तिन्ही रंगांचे थर वेगवेगळ्या वेगाने म्हातारे झालेले असतात, वर धुरकटपणा चढलेला. चेहरे ओळखू यावेत एवढंच हवं असेल तर कृष्णधवल भरवशाचं.

१२६ फोडण्यात मला अजूनही मजा येते. चेंजिंग बॅगमध्ये (उजेड आत न येणाऱ्या बाह्यांच्या पिशवीत) दोन्ही हात घालायचे, कार्ट्रिज मधोमध धरून वाकवायची. कट् असा आवाज होतो आणि प्लॅस्टिक तुटतं. मग फिल्मच्या पाठीला असलेला कागद आणि फिल्म वेगळी करायची, सगळं बोटांवर. कागद खरखरीत आणि मऊ लागतो, फिल्म गुळगुळीत आणि हट्टी. वर्षानुवर्षं गुंडाळून पडलेली असल्याने सोडली की स्प्रिंगसारखी पुन्हा आक्रसते. कडांना धरूनच हळूहळू स्पायरलवर चढवायची, घाई केली की पृष्ठभागावर नखाची रेघ. (११०साठी १६ मिलिमीटरवर बसणारा स्पायरल लागतो. तो नसेल तर कार्ट्रिज फोडूच नका.)

आणि ११०च्या प्रिंटकडून फार अपेक्षा नको. तिची फ्रेम १३ बाय १७ मिलिमीटर, म्हणजे ३५च्या फ्रेमच्या जेमतेम पाव क्षेत्रफळाची. मोठी केली की दाणेच दाणे.

लॅबला पाठवणार असाल तर आधी विचारा: १२६ किंवा ११० हाताने धुता का, सी-२२ला काय करता, काहीच न उमटल्यास पैसे किती. सोबत चिठ्ठीत लिहा की निगेटिव्ह कापू नका आणि कोरी निघाली तरी परत पाठवा. लॅबच्या स्कॅनमध्ये कोरी दिसलेली पट्टी उजेडासमोर तिरकी धरली, की कधी कधी पुसट आकृत्या दिसतात. तेवढ्यावरूनही घरच्या स्कॅनरवर कॉन्ट्रास्ट ताणून बरंच काही बाहेर काढता येतं.