तो बॉल सोडायचा असतो : डेझमंड हॉवर्डची कॉलेजमधली गोष्ट

आमच्या इकडे अमेरिकेत मिशिगन राज्यात, डेट्रॉईटजवळच्या नोव्हाय, कॅन्टन, ट्रॉय या भागात मराठी माणसं भरपूर, बरीचशी गाड्यांच्या धंद्यातली, आणि त्यातल्या निम्म्यांचं तरी म्हणणं असतं की अमेरिकन फुटबॉल काय आपल्याला झेपत नाय, पाच सेकंद पळतात, मग उभे राहतात, मग जाहिरात. मी पण तेच म्हणायचो. मला हा खेळ आवडायला लागला तो पंट रिटर्नमुळे, आणि पंट रिटर्न कळला तो डेझमंड हॉवर्डमुळे, जो मी इथे यायच्या कितीतरी आधी मिशिगन युनिव्हर्सिटीकडून खेळून गेलेला. पण अ‍ॅन आर्बरमध्ये म्हणजे त्या युनिव्हर्सिटीच्या गावात, त्याचं नाव असं घेतात की वाटावं परवाच मॅच झाली.

आधी पंट म्हणजे काय ते सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं सगळं बोंबलेल. टीमला १० यार्ड (यार्ड म्हणजे तीन फूट) सरकायला चार चान्स, म्हणजे डाउन, असतात, तीन फुकट गेले की चौथ्याला बहुतेक वेळा बॉल लाथेने लांब उडवून देतात, तो पंट. समोरच्या टीमचा एक जण ४०-४५ यार्ड मागे एकटा उभा असतो, तो रिटर्नर. बॉल चारेक सेकंद हवेत असतो आणि तेवढ्यात लाथ मारणाऱ्या टीमची दांडगी पोरं त्याच्या दिशेने सुसाट सुटलेली असतात. म्हणजे बाउंड्रीवर उंच उडालेल्या कॅचखाली उभे आहात, सूर्य डोळ्यात, आणि समोरची अख्खी टीम तुम्हाला आडवं करायला धावत येतेय असं समजा. हात वर करून हलवला की तो फेअर कॅच, मग कोणी हात लावू शकत नाही, पण पळताही येत नाही. आणि एक जुना दंडक आहे, आपल्या गोललाइनपासून १० यार्डाच्या आत येणारा बॉल पकडायचाच नाही. टाचा १० च्या रेषेवर ठेवायच्या, डोक्यावरून गेला तर जाऊ द्यायचा, गोललाइनपार गेला की आपल्याला २० यार्डावर आयता मिळतो.

हे लक्षात ठेवा.

हॉवर्ड क्लीव्हलँडचा, म्हणजे ओहायोचा पोरगा. ओहायोत वाढून मिशिगनला खेळायला जाणं म्हणजे तिकडच्या लोकांच्या लेखी घरभेदीपणाच, ओहायो स्टेट ही मिशिगनची कट्टर शत्रू टीम, तिची माणसं मिशिगनचं नावसुद्धा घेत नाहीत, ‘ती वर उत्तरेकडची टीम’ म्हणतात. माझ्या ऑफिसात कोलंबसचा, म्हणजे ओहायो स्टेटच्याच गावचा, एक जण आहे, तो खरंच तसंच बोलतो आणि हसत नाही. शाळेत हॉवर्ड बॉल घेऊन पळणारा टेलबॅक होता, मिशिगनने त्याला रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, केलं. उंची जेमतेम पाच फूट नऊ-दहा इंच, या खेळात त्याला बुटकाच म्हणतात. पहिलं वर्ष बाहेर बसवलं, १९८९ मध्ये खरं खेळायला लागला. त्या सीझनला नोत्र दाम युनिव्हर्सिटीच्या रॉकेट इस्माईलने अ‍ॅन आर्बरमध्येच दोन किकऑफ (खेळ सुरू करायची लांब किक) थेट परत आणून टचडाउन केले होते, म्हणजे बॉल समोरच्या गोललाइनपार नेला होता, आणि एकटा रिटर्नर अख्खी मॅच कशी घेऊन जातो हे मिशिगनच्या सगळ्या पोरांनी तिथे फुकटात शिकून घेतलं असणार.

१९९० मध्ये हॉवर्डने १,००० यार्डाच्या वर रिसीव्हिंग केलं, पण त्या वर्षाबद्दल इथली माणसं बोलतात ते वेगळंच. मिशिगन देशात नंबर एक, समोर शेजारची मिशिगन स्टेट, शेवटच्या काही सेकंदात टचडाउन झाला आणि बरोबरी नको, जिंकायचंच म्हणून टचडाउननंतरची एका पॉइंटची सोपी किक सोडून दोन पॉइंटसाठी खेळले. पास हॉवर्डकडे, तो मोकळा, आणि डिफेंडरने त्याला सरळ पाडला. पंचांचा फ्लॅग, म्हणजे फाउलचा इशारा, पडलाच नाही! २८-२७ ने हरले. अजूनही टेलगेटला, म्हणजे मॅचआधी पार्किंगमध्ये शेगड्या मांडून खाणंपिणं चालतं तिथे, कोणीतरी काका हा विषय काढतातच आणि मग सॉसेज करपतात.

१९९१ मात्र सगळं त्याचंच. पहिल्याच मॅचला बॉस्टन कॉलेजविरुद्ध चार टचडाउन. मग १४ सप्टेंबरला नोत्र दाम, ज्यांनी मिशिगनला सलग चार वर्ष हरवलेलं. मिशिगन १७-१४ पुढे, चौथा डाउन, काही इंच हवेत, कोणीही शहाणा माणूस बॉल पोटाशी धरून मधून घुसेल. क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा, एल्विस ग्रबॅक, हा हॉवर्डचा क्लीव्हलँडच्या शाळेतलाच जोडीदार बरं का, त्याने २५ यार्ड लांब एंडझोनच्या (गोललाइनमागच्या पट्ट्याच्या) कोपऱ्यात उंच टाकला. सगळ्यांना वाटलं गेला हाताबाहेर. हॉवर्ड पूर्ण आडवा हवेत, हात ताणलेले, बॉल बोटांच्या टोकावर. २४-१४. माझ्या मते त्याच्या कॉलेजच्या दिवसांतली सगळ्यात भारी गोष्ट हीच, पण लोकांना विचाराल तर ते दुसरंच सांगतील, आणि ते दुसरं म्हणजे २३ नोव्हेंबर.

ओहायो स्टेट अ‍ॅन आर्बरला आलेली, स्टेडियमात लाखाच्या वर माणूस. सेकंड क्वार्टरमध्ये ओहायोने पंट मारला, हॉवर्ड मागे सरकत सरकत गेला आणि पकडला कुठे तर ७ यार्डाच्या रेषेवर. तोच दंडक, सोडायचा असतो तो बॉल! कोचच्या पोटात गोळाच आला असणार. आणि हा पहिल्या घोळक्यातून निसटला आणि मग मागे वळून बघायची गरजच नाही, ९३ यार्ड, मिशिगनचा तेव्हाचा सगळ्यात लांब पंट रिटर्न. एंडझोनमध्ये पोचला आणि बॉल काखेत, एक गुडघा वर, एक हात समोर ताठ, हाइजमन ट्रॉफीवरचा पुतळा जसा आहे अगदी तसा उभा राहिला. टीव्हीवर कॉमेंट्रेटर कीथ जॅक्सन ओरडला, हॅलो हाइजमन! मॅच ३१-३. पुढच्याच महिन्यात देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूची ती ट्रॉफी त्याला खरंच मिळाली आणि अगदी एकतर्फी.

ती पोझ आता शाळकरी पोरंसुद्धा मारतात. मला ती जरा आगाऊच वाटते, पण त्या सीझनला १९ टचडाउन पासवर, एकूण १३८ पॉइंट, बिग टेन, म्हणजे मिशिगन ज्या युनिव्हर्सिटी-गटात खेळते त्याच्या, इतिहासात गटात सगळ्यात जास्त पॉइंट करणारा पहिला रिसीव्हर, तर दोन सेकंद आगाऊपणा चालतो हो. शिवाय तेव्हा पोरांना स्कॉलरशिप सोडून खेळाचा एक डॉलर घ्यायची मुभा नव्हती. स्वतःच्या नावावर जाहिराती वगैरे करून कमावता यायला लागलं ते २०२१ पासून, म्हणजे ज्या पोझवर इतकी वर्ष लोकांनी पोस्टर विकली ती मारणारा तेव्हा बिनपगारी होता.

सीझनअखेरच्या रोझ बोल मॅचमध्ये वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीने त्यांना ३४-१४ धुतलं, हॉवर्डला एकच कॅच मिळाला, त्याबद्दल इथे कोणी बोलत नाही. एक सीझन शिल्लक असताना तो प्रो खेळायला गेला, प्रो टीमांच्या निवडीत (ड्राफ्टमध्ये) चौथ्या नंबरला निवडला, पण तिथे रिसीव्हर म्हणून फार काही जमलं नाही. जमलं ते परत रिटर्नलाच, १९९७ च्या जानेवारीत ग्रीन बे टीमकडून सुपर बोलमध्ये, म्हणजे प्रो लीगच्या फायनलमध्ये, ९९ यार्डाचा किकऑफ रिटर्न आणि एमव्हीपी, म्हणजे मॅचचा सर्वोत्तम खेळाडू.

आणि अजून एक गंमत. १९९७ मध्ये मिशिगनच्याच चार्ल्स वुडसनने ओहायो स्टेटविरुद्ध अ‍ॅन आर्बरमध्येच ७८ यार्डाचा पंट रिटर्न टचडाउन केला आणि त्यालाही हाइजमन मिळाली. तोही ओहायोचाच पोरगा. कोलंबसवाल्याला मी हे एकदा ऐकवलं, तर तो म्हणाला, त्या दोघांनाही आम्हीच वाढवलं, आणि कॉफी घेऊन निघून गेला.