गाभा-कवच कण: तिसऱ्या प्रयत्नाची नोंद

पॉलिस्टायरिनचा गाभा आणि पीएमएमएचे (पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट या प्लास्टिकचे) कवच असलेले कण डिस्पर्शन पॉलिमरायझेशनने, म्हणजे द्रवात विरघळलेल्या मोनोमरपासून (लहान घटक रेणूंपासून) त्यात न विरघळणारे पॉलिमरचे कण बनवण्याच्या पद्धतीने, करण्याचा हा तिसरा प्रयत्न. या वेळी कवच गाभ्यावरच बसले आहे, असे मला बऱ्याच खात्रीने म्हणता येते.

गाभ्याची कृती बदललेली नाही. वजनाने १० टक्के स्टायरिन, माध्यम इथेनॉल, स्थिरक (कण एकमेकांना चिकटू न देणारा पदार्थ) म्हणून पीव्हीपी के-३० हा पॉलिमर आणि अभिक्रिया सुरू करण्यासाठी स्टायरिनच्या १ टक्का एआयबीएन घेऊन, अर्धा तास नायट्रोजन सोडल्यावर मिश्रण ७० अंश सेल्सियसला २४ तास ठेवले. सुमारे २ मायक्रोमीटर व्यासाचे, जवळजवळ एकसारखे कण मिळाले.

अडचण होती ती कवचाची. मागील प्रयत्नात इथेनॉल आणि पाणी ८०:२० प्रमाणात घेतले होते आणि थंड होताना कणांच्या आजूबाजूला बारीक, वेडावाकडा गाळ साचला. तेव्हा मी दोष ढवळण्याला दिला, तो चुकीचा होता. सामान्य तापमानाला पीएमएमए पाण्यात विरघळत नाही आणि निव्वळ इथेनॉलमध्येही नाही. परंतु दोहोंच्या साधारण याच प्रमाणातील गरम मिश्रणात मात्र ते विरघळते. म्हणजे जे कवच व्हायला हवे होते ते द्रावणातच राहिले आणि तापमान उतरताच स्वतंत्रपणे बाहेर पडले. पॉलिस्टायरिनला चालणारे माध्यम पीएमएमएलाही चालेल, हे गृहीत धरणेच मुळात चूक होते.

म्हणून आता पाणी ६० टक्के ठेवले आणि पीएमएमएचा मोनोमर, मिथाइल मेथाक्रिलेट, एकदम न ओतता चार तासांत थेंबाथेंबाने सोडले. मोनोमर साचला तर तो गाभ्यात शिरून त्याला फुगवतो किंवा नवे बारीक कण जन्माला घालतो; दोन्हींत कवचाचे नुकसान आहे. ०.१ मायक्रोमीटर जाडीसाठी १० ग्रॅम गाभ्याला हिशेबाने सुमारे ३.७ ग्रॅम पीएमएमए लागते. धुऊन वाळवल्यावर वजन ३.१ ग्रॅमने वाढलेले आढळले आणि सूक्ष्मदर्शकाखाली बारीक कण जवळपास दिसले नाहीत.

इतकी पातळ जाडी प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाने मोजणे भरवशाचे नाही, त्यामुळे थोडा नमुना ॲसेटिक आम्लात ठेवला. ते पीएमएमए विरघळवते, पॉलिस्टायरिनला सोडते. वाढलेले वजन जवळजवळ सगळे निघून गेले आणि गोल गाभे शाबूत राहिले. पीएमएमए आत अडकलेले असते तर ते इतक्या सहज निघाले नसते. कवच सर्वत्र सारख्या जाडीचे आहे, हे मात्र यावरून सिद्ध होत नाही.

पुढील खेपेस कवचात थोडे इथिलीन ग्लायकॉल डायमेथाक्रिलेट घालून ते क्रॉसलिंक करीन, म्हणजे त्याच्या साखळ्या एकमेकींना जोडीन, आणि मग गरम सायक्लोहेक्झेनने गाभा विरघळवून पोकळ कवच उरते का, ते पाहीन.