चार नळांचा टब

आम्हा नागपूरकरांचा समुद्र म्हणजे फुटाळा तलाव. संध्याकाळी चौपाटीवर जायचं, भाजलेलं कणीस खायचं आणि जरा वारा सुटला की "काय समुद्रासारखं वाटून राहिलं ना" म्हणायचं, संपला समुद्र. अशा माणसाला लेकीनं आणि जावयानं मागच्या सप्टेंबरात न्यूयॉर्कहून निघणाऱ्या क्रूझवर बसवून दिलं, मला आणि बायकोला, दोघंही पहिल्यांदाच. क्रूझबद्दल पुन्हा कधीतरी लिहीन (थोडक्यात सांगतो: जेवण ढीगभर, तिखट शून्य, घरून नेलेला ठेचा तिसऱ्याच दिवशी संपला). आज फक्त न्यूपोर्ट, कारण ते अजून डोक्यातून जाऊन नाही राहिलं.

न्यूपोर्ट हे ऱ्होड आयलंड राज्यातलं छोटंसं गाव, १६३९ सालचं. मोठं जहाज तिथं धक्क्याला लागत नाही, खाडीतच नांगर टाकून उभं राहतं आणि आपल्याला छोट्या बोटीत भरून किनाऱ्यावर सोडतात. त्या बोटीला म्हणतात टेंडर. माझी सगळी नोकरी पीडब्ल्यूडीत गेली, त्यामुळे सकाळी सकाळी स्पीकरवर "टेंडरसाठी रांगेत उभे राहा" ऐकल्यावर मला इतकं हसू आलं की बायको म्हणाली, "अहो, लोक बघून राहिले." टेंडर नंबर आठ, वाट पाहणं पाऊण तास. सवयच आहे म्हणा.

उतरल्यावर समोरच जुन्या गावाचा मुख्य रस्ता लागतो, स्पेलिंग लंडनच्या टेम्स नदीचं पण इथले लोक म्हणतात 'थेम्स'. मी टेम्स म्हटलं तर दुकानातल्या बाईनं प्रेमानं सुधारलं. लाकडी घरं, पांढऱ्या सुळक्याचं चर्च, १७६३ सालचं सिनेगॉग म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, ते अमेरिकेतलं आज उभं असलेलं सगळ्यात जुनं. सगळं इतकं नीटनेटकं की वाटावं इथं कधी काही वाईट घडलंच नसेल, पण या गावाचा पहिला पैसा रम गाळण्यातून आणि ती रम आफ्रिकेत नेऊन बदल्यात माणसं विकत घेण्यातून आला. गुलामांच्या व्यापाराचं हे अमेरिकेतलं एक मोठं बंदर होतं. जुन्या कबरस्तानात आफ्रिकन लोकांचा वेगळा कोपरा आहे असं कळलं, वेळेअभावी तिथं जाता आलं नाही आणि ते खरं तर चुकलंच आमचं.

नंतर इथं अमेरिकेच्या दक्षिणेतले मळेवाले उन्हाळ्यात येऊ लागले, तिकडची गरमी आणि रोगराई टाळायला. हे मला लगेच पटलं. इंग्रजांच्या काळात आपल्या मध्य प्रांताचं सरकारसुद्धा उन्हाळा आला की नागपूर सोडून पचमढीला जायचंच की. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत कूलरसमोर बसून मलाही दरवर्षी वाटतं की इंग्रज एवढ्या एका बाबतीत शहाणे होते.

मळेवाल्यांच्या मागून न्यूयॉर्कचे कोट्यधीश आले आणि बेलव्ह्यू अव्हेन्यूच्या आसपास एकेकानं महाल बांधले. वापर वर्षातून सहा-आठ आठवडे. आणि त्या महालांना ते म्हणायचे काय, तर कॉटेज! आम्ही त्यातलं सगळ्यात मोठं बघितलं, 'द ब्रेकर्स'. सत्तर खोल्या. कॉटेज म्हणे. आधीचं लाकडी घर १८९२ मध्ये जळालं म्हणून मालकानं नवीन घरात आगीची इतकी धास्ती घेतली की बॉयलर घराबाहेर जमिनीखाली ठेवला. आत गेल्यावरचा हॉल पन्नास फूट उंच आहे, मान मागे टाकून बघता बघता बायकोचा चष्माच पडला. लायब्ररीतली शेकोटी फ्रान्समधल्या जुन्या गढीतून उचलून आणलेली, एका खोलीच्या भिंतींवर चक्क प्लॅटिनम. एका मर्यादेनंतर सोनं-संगमरवर बघून डोळे थकतात, मी तर पुढच्या दोन-तीन खोल्या फक्त चालत गेलो.

पण बाथरूमपाशी थांबलो.

अख्ख्या संगमरवरातून कोरलेला टब आणि त्याला चार नळ. गोड्या पाण्याचे दोन, गरम आणि थंड, आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्याचे दोन, तेही गरम आणि थंड. त्या काळी खाऱ्या पाण्याची आंघोळ तब्येतीला चांगली मानायचे म्हणून. दगड इतका जाड की तो गरम व्हायला टब गरम पाण्यानं भरायचा, ओतून द्यायचा, परत भरायचा, असं बऱ्याचदा करावं लागायचं असं कानातला ऑडिओ गाइड सांगत होता.

माझे बाबा मोतीबागच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते. आमचं क्वार्टर दोन खोल्यांचं आणि उन्हाळ्यात नळ यायचा पहाटे, तोही करंगळीएवढा, आई आम्हाला उठवून बादल्यांजवळ बसवायची आणि झोपेत बादली भरून वाहून गेली तर पाठीत धपाटा. हे घरही रेल्वेच्याच पैशातलं बरं का! मालक कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट दुसरा, न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेवाला. म्हणजे बाबा आणि हे साहेब एकाच लाइनीतले, फक्त डबा वेगळा.

त्याचा आजोबा, त्याचंही नाव कॉर्नेलियस, त्यानं सुरुवात केली ती छोट्या बोटीतून माणसं ने-आण करण्यापासून, म्हणजे आम्ही सकाळी आलो तसल्याच धंद्यापासून. तो वारला ४ जानेवारी १८७७ ला. आणि आमच्या नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली १ जानेवारी १८७७ ला, तीन दिवस आधी. याचा अर्थ काहीच नाही पण मला तिथं उभ्या उभ्या आठवलं आणि सांगायला बायकोशिवाय कोणी नव्हतं, ती म्हणाली, "बरं, पुढे चला."

घर १८९५ ला तयार झालं. १८९६ ला मालकाला पक्षाघाताचा झटका, १८९९ ला गेलाच, वय ५५. म्हणजे धडधाकट असताना त्याला या घरात एकच सीझन मिळाला. पुढे १९४८ मध्ये त्याच्या मुलीनं घर तिथल्या जतन संस्थेला भाड्यानं दिलं, वर्षाला १ डॉलर. आमच्या धरमपेठेत या भावात सायकलसुद्धा कोणी लावू देणार नाही.

या महालांच्या मागून समुद्राच्या कडेनं क्लिफ वॉक नावाची साडेपाच किलोमीटरची पायवाट आहे, सगळ्यांना मोकळी. एका बाजूला कोट्यधीशांची हिरवळ, दुसऱ्या बाजूला खाली खडकांवर आपटणाऱ्या लाटा आणि मधून आपल्यासारखे लोक बूट घासत जाऊन राहिले. आम्ही एका दगडावर बसून उरलेला चिवडा संपवला. फुटाळ्याबद्दल मी काहीच बोललो नाही.

परतीच्या टेंडरसाठी मात्र पळावं लागलं, मी घड्याळ चुकीचं वाचलं होतं, पण ते बायकोला अजून माहीत नाही. बोटीत लाटांचं पाणी उडून दोघंही भिजलो. केबिनमध्ये शिरल्या शिरल्या ती हात धुवायला गेली, नळ सोडला, एक बोट ओलं करून जिभेला लावलं आणि आतूनच ओरडली, "अहो, गोडं आहे!"