माझा अनुभव: स्पीकर, आमचा हॉल आणि जीएसटीचा रकाना

हाय-फाय स्पीकर घरी आणून ऐकल्याशिवाय विकत घेऊ नका, असं जाणकार सगळेच सांगतात. ते घरी आणायचे कसे, हे मात्र कुणी सांगत नाही, म्हणून लिहायला बसले. स्पीकर हॉलमध्ये येऊन बसले, रोज सकाळी वाजतात, तरी घरी ऐकायला मागवण्याच्या त्या फॉर्मची आठवण झाली की अजून डोकं तापतं.

मी गाणं शिकले आहे आणि ऐकणं बहुतेक ख्यालगायकीचं. घरात मिरजेचा तानपुरा आहे. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण आमच्या भागातल्या गाणाऱ्या घरांना त्या वाद्याची किंमत आधीपासूनच ठाऊक होती. त्यामुळे स्पीकर निवडताना माझं मोजमाप ठरलेलं होतं. जवारी (तारेखाली दोरा सरकवून आणलेली झणकार) नीट लावलेला तानपुरा कसा बोलतो ते मला रोज ऐकू येतं, आणि स्पीकरमधून तो तसाच यायला हवा. ट्वीटर, म्हणजे वरचे बारीक सूर वाजवणारा स्पीकरचा छोटा भाग, तिखट असला की जवारीची झणकार पत्र्यासारखी लागते आणि अर्ध्या तासात कान दुखायला लागतात.

दुसरी अट सासूबाईंची. आमचा सांगलीतल्या विश्रामबागचा हॉल चौदा फूट बाय अकरा फूट. त्यात जुना सागवानी दिवाण, झोपाळा आणि सासऱ्यांची आरामखुर्ची. "ते काळे चकचकीत खांब मला हॉलमध्ये नकोत गं," त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. मला हे पूर्ण मान्य होतं. ज्या खोलीत माणसं बसतात, पाहुणे येतात, तिथे वस्तू डोळ्यांना खुपत असेल तर ती कितीही गोड वाजू दे, चार महिन्यांत कोपऱ्यात जाते. सुताराचं म्हणणं होतं की टीव्ही युनिटमध्ये दोन खण करून देतो, स्पीकर आत बसवा. त्याला मी नाही म्हटलं. खणात कोंबलेला स्पीकर घुमतो, आणि मागच्या बाजूला हवेचं भोक, म्हणजे पोर्ट, असेल तर जास्तच घुमतो.

दुकानातली निवड पटकन झाली. दोन जोड्या उरल्या: एक उंच, जमिनीवर उभी राहणारी, काळी चकचकीत, दुसरी छोटी, साडेसहा इंची वूफरची (खर्ज वाजवणारा मोठा भाग), अक्रोडाच्या विनिअरची (लाकडाचा पातळ पापुद्रा), स्टँडवर ठेवायची. विक्रेता किंमत, वॉट, ब्लूटूथ सगळं माझ्या नवऱ्याकडे बघून सांगत होता. यांनीच शेवटी त्याला सांगितलं, "अहो, ऐकणाऱ्या त्या आहेत, त्यांना विचारा." दुकानातल्या ऐकण्याच्या खोलीत जमिनीवर जाड गालिचा, भिंतींना फोमचे पॅनेल, भारी पडदे. आमच्या हॉलमध्ये गुळगुळीत टाइल्स आणि रस्त्याच्या बाजूला मोठी काचेची खिडकी. दुकानात उंच जोडी सरस वाटत होती. घरात काय होईल हे तिथे बसून कळणं शक्यच नव्हतं, म्हणून मी विचारलं, घरी ऐकायला मिळतील का?

"मिळतात की काकू, कंपनीची होम डेमोची सोय आहे. फॉर्म भरा, झालं."

इथून पुढे आमचा खरा वनवास सुरू झाला.

फॉर्म मोबाइलवर आला. नाव, पत्ता, शहर, खोलीची लांबी-रुंदी, सगळं भरलं. मग रकाना आला जीएसटी क्रमांकाचा, त्यावर लाल चांदणी. मी घरी गाणं ऐकणारी बाई, यांची नोकरीतून निवृत्ती झालेली. आमच्याकडे तो पंधरा अक्षर-अंकांचा क्रमांक असणार कुठून? रकाना मोकळा सोडला की फॉर्म पुढे सरकत नाही. "लागू नाही" लिहिलं तर क्रमांक चुकीचा आहे म्हणतो. दुकानात फोन केला. "हां, ते इंटिरियरवाल्यांसाठी केलेलं असेल. तुमच्या मिस्टरांच्या फर्मचा टाका." फर्म नाही म्हटल्यावर, "मग ओळखीच्या कुणाचा तरी टाका की, कोण बघतंय!"

ते मी केलं नाही. माल माझ्या घरी येणार, सही माझी, आणि कराचा क्रमांक तिसऱ्याच माणसाचा? वाटेत काही फुटलं-तुटलं तर जबाबदार कोण? विक्रेत्याला हा प्रश्न विचारला की तो म्हणे, "तेवढं काय होत नाही ओ." होत नसेल तर तसं कागदावर द्या, म्हटलं. कागदावर द्यायला कुणी तयार नव्हतं.

मग वितरकाच्या मदत क्रमांकावर फोन. त्यांनी डीलरशी बोला म्हणून सांगितलं. डीलर म्हणाला, रकाना कंपनीनं घातलाय, कंपनीशी बोला. ईमेल केला. आपोआप येणारं उत्तर आलं, तक्रार क्रमांक मिळाला, आणि पुढे शांतता. व्हॉट्सअ‍ॅपवर निळ्या खुणा यायच्या, उत्तर यायचं नाही. गणपतीच्या आधी फॉर्म उघडला होता. गणपती बसले, उठले, नवरात्र आलं. दर वेळी फोन केला की "मुंबईहून अप्रूव्हल येतंय" हे एकच वाक्य. कशाचं अप्रूव्हल? फॉर्म तर पुढे गेलाच नव्हता! हे मी त्याला तारीखवार ऐकवलं तेव्हा तो म्हणाला, "बघतो, सिस्टिम स्लो आहे."

दसऱ्याच्या तोंडावर तगादा उलटा फिरला. आता फोन त्यांच्याकडून यायला लागले. ऑफर आहे, उंच जोडीवर मोठी सूट आहे, घेऊन टाका, नाही आवडली तर परत करायचं बघू. "बघू" हा शब्द बिलावर लिहून द्या, म्हटलं. त्यावर फोन बंद. माझा आवाज चढायला लागला होता, यांनी खुणेनं शांत व्हायला सांगितलं, पण राग रास्त होता असंच मला अजून वाटतं. स्पीकर काही हजारांचे नसतात. ज्या खोलीत ते जन्मभर वाजणार, ती खोली न बघता ते कसे घ्यायचे? साडी घेतानासुद्धा आपण ती दुकानाबाहेर उन्हात नेऊन बघतो.

गाठ सुटली ती दुकानात वायरिंग करणाऱ्या मुलामुळे. मी काउंटरवर उभी असताना तो शिडीवरून उतरला आणि हळूच म्हणाला, "काकू, तो फॉर्म नव्या सीलबंद जोडीसाठी असतो. इथं वाजवायला उघडलेली जोडी मालकांच्या सहीनं जाते. मालकांना थेट विचारा." विक्रेता शेजारीच होता. इतके दिवस हे त्यालाही माहीत असणार! मालक आले, त्यांना सांगितलं, आणि पाच मिनिटांत काम झालं. दुकानाच्या सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी दोन्ही जोड्या न्यायच्या, सुट्टी संपली की परत. रकमेचा चेक अनामत, त्याची पावती, पावतीवर दोन्ही जोड्यांचे अनुक्रमांक. कॅबिनेटच्या प्रत्येक कोपऱ्याचे फोटो मी त्यांच्यासमोरच काढले. तुम्हीही काढा. दुकानात वाजणाऱ्या जोडीवर आधीचे ओरखडे असतातच, ते नंतर आपल्या माथी यायला नकोत.

थोडक्यात, विक्रेत्याशी फॉर्मवर वाद घालत बसू नका. पहिल्याच दिवशी मालकांना गाठा आणि "डेमो पीस सुट्टीला घरी द्याल का?" एवढंच विचारा.

घरी आल्यावर निकाल लगेच लागला. उंच जोडी लावली आणि डग्गा सगळ्या हॉलभर घुमायला लागला, बोल कुठला आणि घुमारा कुठला ते कळेना. यामागचं गणित सोपं आहे. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. चौदा फूट म्हणजे सव्वाचार मीटरपेक्षा थोडं जास्त. वेगाला लांबीच्या दुपटीनं भागलं की साधारण ४० येतात, म्हणून त्या लांबीत सेकंदाला ४० कंपनांचा, म्हणजे ४० हर्ट्‌झच्या आसपासचा आणि त्याच्या दुप्पट, ८० च्या आसपासचा आवाज दोन भिंतींमध्ये अडकून फुगतो. खोलीचा हा स्वभाव स्पीकर बदलून जात नाही, पण जो स्पीकर तिथेच जास्त जोर लावतो तो खोलीला आणखी भडकवतो. कोपरा आणि मागची भिंत जवळ असली की खर्ज आणखी वाढतो. उंच जोडी कोपऱ्यापासून लांब ओढावी तर झोपाळ्याची वाट अडते. सासूबाईंनी तर बघताक्षणी मान हलवली, आणि त्या काळ्या चकाकीवर पहिल्याच सकाळी धूळ उठून दिसायला लागली.

छोटी जोडी मागच्या भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे ठेवली आणि तानपुरा जागेवर आला. ती ५० हर्ट्‌झच्या थोडं वरपर्यंतच उतरते, म्हणून विक्रेता तिला कमी लेखत होता. आपल्या संगीताला किती खोल जावं लागतं ते बघा की. काळी एकमध्ये (पेटीची पहिली काळी पट्टी षड्ज धरून) गाणाऱ्या पुरुषाच्या तानपुऱ्यातली खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्‌झला लागते. काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईची सुमारे १०४ ला. म्हणजे ख्याल ऐकणाऱ्याला ही जोडी कुठेच अपुरी पडत नाही. तुम्ही ढोलताशा किंवा सिनेमे मोठ्यानं ऐकत असाल तर हिशेब वेगळा.

किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब आमच्या मिरजेत राहिलेले. १९३७ मध्ये ते गेले. त्यांच्या जुन्या तबकड्यांवरून केलेली रेकॉर्डिंग मी दोन्ही जोड्यांवर ऐकली. अशा रेकॉर्डिंगमध्ये खर्ज आणि वरची झणकार फारशी नसतेच, त्यामुळे त्यांच्यावरून स्पीकर पारखू नका. पण मधल्या पट्टीत आवाज किती मोकळा येतो ते त्यातून नेमकं कळतं. पारखायला एक तानपुरा, एक बाईचा आवाज, एक पुरुषाचा आणि एक तबला सोलो, असं स्वतःचं ओळखीचं रेकॉर्डिंग न्या. दुकानदाराची डेमोची गाणी त्याच्याकडेच राहू द्या.

दुकानातली आणखी एक गोष्ट आत्ता आठवली. महाग जोडी वाजवताना विक्रेता आवाज एक-दोन खुणा वर करतो. कानाला थोडा मोठा आवाज नेहमीच चांगला वाटतो. मोबाइलवर आवाज मोजायचं अ‍ॅप मिळतं, ते लावून दोन्ही जोड्या सारख्या पातळीवर आणा, मगच तुलना करा. आणि स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच ताकदीत तो किती मोठा वाजतो ते, विचारा. तीन डेसिबलचा फरक म्हणजे तेवढ्याच आवाजाला अ‍ॅम्प्लिफायरची दुप्पट ताकद लागते. आमचा जुना अ‍ॅम्प्लिफायर पन्नास वॉटचा आहे, म्हणून ८६ ऐवजी ८९ डेसिबलची जोडी घेण्यात माझा फायदा झाला. नाही तर अ‍ॅम्प्लिफायरचाही खर्च मागे लागला असता.

रंगाचं म्हणाल तर नमुन्याचा तुकडा दुकानाच्या दिव्यात बघून ठरवू नका. अक्रोड सागवानापेक्षा गडद असतो. आमचं सागवान जुनं होऊन काळपट तपकिरी झालंय म्हणून जुळलं, नव्या पिवळसर सागवानाशेजारी ते वेगळं दिसेल. खरं विनिअर आहे की लाकडाच्या छापाचा व्हिनाइल, ते कडेवर बघा. व्हिनाइलला कडेशी किंवा मागच्या बाजूला जोड दिसतो आणि जुनं झालं की तिथूनच सुटायला लागतं. समोरची कापडी जाळी काढून एकदा आणि लावून एकदा ऐका. आम्ही लावूनच ठेवली आहे, नातवंडांची बोटं वूफरवर जातात.

टाइल्सचा झणझणाट गेला तो सोलापुरी सतरंजीनं आणि खिडकीच्या जाड पडद्यानं. आपण बसतो तिथून बघत राहायचं, दुसऱ्यानं बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवत न्यायचा. जिथे आरशात स्पीकर दिसेल तिथून आवाज उलटून येतो. तिथे आमचं पुस्तकांचं कपाट सरकवलं. वायरवर उधळपट्टी करू नका, एवढ्याशा अंतराला अडीच चौरस मिलीमीटरची साधी तांब्याची वायर भरपूर झाली. जोडताना लाल लालला, काळी काळ्याला. एका बाजूची उलटी लागली तर खर्ज पातळ होतो आणि गायक नेमका कुठे बसलाय ते कळत नाही.

स्टँडची किंमत ऐकून मी दुकानातून उठलेच. कुपवाडच्या एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटरला माप दिलं. चौकोनी पाइपचे, वर-खाली जाड प्लेट, पाइपमध्ये कोरडी चाळलेली वाळू, म्हणजे ते थरथरत नाहीत. उंची ठरवताना आधी बसून बघा. ट्वीटर कानाच्या पातळीला यायला हवा. सोफ्यावर बसणाऱ्याला दोन फुटांचा स्टँड चालतो, पण मी खाली गादीवर बसून ऐकते, म्हणून आमचे बरेच बुटके केले. सासूबाई आरामखुर्चीत बसतात, त्यांच्यासाठी स्पीकरच्या पुढच्या कडेखाली रबराची पट्टी सरकवून तोंड थोडं वर केलं. स्टँडचा रंग मात्र त्यांनीच निवडला, दिवाणाच्या पायांना जुळणारा.